शेरा: वर्तनात नम्रता नाही

एखादा मोठा खेळाडू टपरीवर चहा पिताना दिसला की आपल्याकडची माणसं विरघळतात. 'एवढा मोठा माणूस, पण किती साधा!' माझा मुलगा असले व्हिडिओ मला रोज पाठवतो. मी त्याला एकदाच विचारलं, "मग चहा त्याने कुठे प्यायला पाहिजे होता? विमानात?" तेव्हापासून तो नुसते पाठवतो, मत विचारत नाही.

मत मी तरीही देते. घाटकोपरच्या एका शाळेत मी तीस वर्षं पी.टी. शिकवली, मुलींचे कबड्डीचे संघ उभे केले, सामन्यांत पंच म्हणून शिट्टी फुंकली. खेळाडू मी जवळून पाहिलेत, घामाचा वास येईल इतक्या जवळून. ज्या नम्रतेला कॅमेरावाला लागतो तिला जाहिरात म्हणावं. आणि बक्षीस घेताना 'हे सगळं मोठ्यांच्या आशीर्वादाने' म्हणणाऱ्यांचं तर मला हसूच येतं. पहाटे साडेचारला उठून धावायला काय आशीर्वाद गेले होते? चांगला खेळलास तर चांगला खेळलो म्हण. खोटं खेळू नकोस, हरलास तर दुसऱ्यावर ढकलू नकोस, आपल्याबरोबरच्यांना विसरू नकोस. यापलीकडे खेळाडूकडून काही मागायचा आपल्याला हक्क नाही.

हे शहाणपण मला उशिरा आलं. नोकरीच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत मीही मुलींमध्ये आधी नम्रता शोधायची, खेळ नंतर.

तेव्हा आठवीत एक मुलगी आली. आजोबा गिरणीत होते, घर मूळचं मालवणकडचं, आई तीन घरी पोळ्या लाटायची. पोरगी काटकुळी आणि आवाज असा की मैदानाच्या या टोकाला हाक मारली तर रस्त्यावरचा रिक्षावाला थांबावा. चढाईला निघताना ती मध्यरेषेवर उभी राहून मांडीवर शड्डू ठोकायची. समोरच्या मुलींना म्हणायची, "या गं, पकडा ना." मला सांगून जायची, "बाई, तिघींना मारून येते." दोघींना मारून आली की तिसरीसाठी दिवसभर फुरंगटून बसायची.

शड्डू मुलांनी ठोकला की जोश आणि मुलीने ठोकला की माज, असं तेव्हा मला अगदी मनापासून वाटायचं. कोणी शिकवलं होतं, आता आठवत नाही. पण मी ते पुढे शिकवत होते हे खरं.

तिच्याबद्दल आणखी एक गोष्ट मला माहीत होती. एका सामन्यात समोरच्या मुलीची बोटं तिच्या खांद्याला जेमतेम लागली. मी पाहिलं नाही, पंचांनीही पाहिलं नाही. हिने स्वतः हात वर केला आणि बाहेर जाऊन बसली. आम्ही तो सामना एका गुणाने हरलो. संघातल्या मुली तिच्यावर उखडल्या, तर म्हणाली, "लागलं होतं ना रे बाबा, मग काय करू?" इतकी खरी मुलगी मी नंतर फार पाहिली नाही. पण त्या वर्षी माझ्या डोक्यात राहिला तो तिचा शड्डूच.

विभागाच्या संघाची निवड चाचणी झाली. निवड करणारे आम्ही तिघं होतो, पण ती माझ्या शाळेची, म्हणून तिच्याबाबत माझा शब्द शेवटचा. चाचणीत तिच्या जवळपासही कोणी नव्हतं. मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'वर्तनात नम्रता नाही', आणि तिच्या जागी एक शांत, गुणी मुलगी घेतली. हिने कारण विचारलं तेव्हा मी सांगितलं, "तू उद्धट वागलीस. घरी जाऊन आईला सांग, काय केलंस ते."

दुसऱ्या दिवशी आई तिला घेऊन शाळेत आली. कामावरूनच आली होती, हाताला पीठ तसंच. "बाई, चुकला तेचा," आई म्हणाली. "पदरात घेवा. परत असा करूचा नाय ता." पोरीने वाकून माझ्या पायाला हात लावला. तिची मान खाली गेलेली मी पहिल्यांदाच पाहत होते आणि मला बरं वाटलं, हे कबूल करते. आपण एका मुलीला वळण लावलं असं वाटलं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, संघात मात्र घेतलं नाही. आमचा गुणी संघ पहिल्याच फेरीत हरून घरी आला.

ती वर्षभर खेळलीच नाही. मग जोगेश्वरीच्या एका मंडळात मामाने नेऊन घातलं आणि तिथून ती कुठल्या कुठे गेली. राज्य, मग देश. आता तिचे फोटो स्टेशनबाहेरच्या फलकांवर असतात आणि अजून ती मध्यरेषेवर शड्डू ठोकते. टीव्हीवाले तो मुद्दाम दोनदा दाखवतात.

गेल्या वर्षी नाहूरच्या एका मंडळाने तिचा सत्कार ठेवला. अध्यक्षांचा मला फोन आला. "बाई, तुम्ही तिच्या पहिल्या गुरू. लहानपणापासून ती किती नम्र होती, त्यावर पाच मिनिटं बोला. आजकालच्या पोरांना कळू दे." मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. खोटं बोलायचं तर पाच मिनिटांचं काम होतं. खरं बोलायचं तर तीस वर्षांचं माझं नाव पणाला लागणार होतं. या भागातल्या निम्म्या बायका माझ्या हाताखालून गेल्यात, आणि बाई सरळ आहेत एवढीच माझी कमाई.

हॉलमध्ये गेले तर मागच्या बॅनरवर तिच्या फोटोखाली लिहिलेलं, 'नम्रतेची मूर्ती'. ती पहिल्या रांगेत बसली होती, शेजारी आई, नवी कोरी पैठणी नेसून अवघडलेली. मग मी ठरवलंच.

माइक हातात घेऊन मी सांगून टाकलं. ही मुलगी नम्र नव्हती. ती सगळ्यांत चांगली होती आणि खरी होती. मी तिला तिच्या आवाजासाठी आणि शड्डूसाठी संघातून वगळलं. तिची काही चूक नव्हती, चूक माझी होती.

मग अध्यक्ष उठले, माझ्या हातातला माइक हळूच काढून घेतला आणि म्हणाले, "पाहिलंत? गुरूचा मोठेपणा! किती ही नम्रता!" धो धो टाळ्या. मला असा संताप आला की सांगता सोय नाही. जे कबूल करायला मी दोन रात्री जागले, त्याचाही यांनी हार करून माझ्याच गळ्यात घातला.

मग ती उठली. "टाळ्या कशाला?" ती म्हणाली. "बाई खरं बोलल्यात, त्यांना मोठेपणा चिकटवू नका. माझं एक वर्ष गेलं ना, ते गेलंच. मला राग होता, अजून आहे. आणि ते मागचं बॅनर कोणी केलंय? मी नम्र-बिम्र काही नाही. मी चांगली खेळते." मागे बसलेल्या शाळकरी मुलींनी शिट्ट्या मारल्या.

तिने मला माफ केलं नाही आणि केल्याचं नाटकही केलं नाही, याचा मला मनापासून आनंद झाला. माझ्या हाताखालून गेलेली खेळाडू अशीच हवी. माझं काम झालं, आपण मोकळ्या झालो, असं वाटून मी बटाटेवड्याची बशी घेऊन कोपऱ्यात खुर्चीवर बसले.

तिची आई पदर सावरत आली आणि माझ्या शेजारी बसली. तिच्या हातातली बशी भरलेलीच होती. मलाच राहवलं नाही, म्हटलं, "तुम्हाला वाईट वाटलं का मी बोलले त्याचं?"

तिने नाही अशी मान हलवली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या दिसा चाळीत सगळ्यांच्या फुडे मी पोरीक मारलंय, बाई. लाटण्यान. ता रडत सांगी होता, आये, मी काय करूक नाय. मी म्हटलंय, बाई खोटा कशाक बोलतीत?"