रविवारी न दिसलेलं मैदान

लहान गावं ओस पडतात, त्यांना त्यांच्या जागीच उभं करायचं, सगळं पुण्यावर लादायचं नाही, असं साहेब बोलू लागले की मी भारावून ऐकत राहायचो. घरातला पहिला पदवीधर मी. नव्वद सालानंतर बारामतीच्या नियोजन कार्यालयात नकाशे ट्रेस करायची हंगामी नोकरी मिळाली, आणि पहिलंच काम आलं इंदापूरचं, माझ्याच गावाचं.

साहेब पाहणीला सोमवारी गेले, बुधवारी गेले, शुक्रवारीही गेले. वेशीजवळचं मैदान त्यांना तिन्ही वेळा रिकामं सापडलं. आमचा बाजार रविवारी भरतो आणि रविवारी कार्यालयाला सुट्टी, एवढं साधं ज्ञान त्यांच्या दोन पदव्यांत कुठं बसलं नव्हतं. मी जन्मायच्या आधीपासून वडील त्या मैदानात गुरांची दावी विकायला बसत. त्या दाव्यांवरच मी शिकलो.

ट्रेसिंगवर त्या जागी मी बारीक अक्षरांत ‘आठवडे बाजार’ लिहिलं. साहेबांनी ब्लेडनं ते खरवडून काढलं.

“पाहणीत नाही ते नकाशात कुठून आणलंस? उद्यान दाखव.”

हिरवा रंग मीच भरला.

घरी सांगितलं तेव्हा वडील म्हणाले, “बाग? आन आमी कुठं बसायचं, झाडावर?”

“हरकत घेता येते, आबा.”

अर्ज मीच लिहिला. गुरुवारी वडील बारामतीच्या बाजाराला आले तेव्हा खांद्यावर दाव्यांचा भारा घेऊनच ते कार्यालयात आले. साहेबांनी अर्जावर नजर फिरवली.

“जागा रिकामी आहे, बाबा. आम्ही तीनदा पाहिली.”

“रविवारी या की सायेब. पाय ठिवाया जागा घावली तर सांगा.”

“रविवारी सुट्टी असते.”

सगळे हसले. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी शेजारच्याच टेबलावर होतो. नकाशावरची मान वर केली नाही. हा माणूस माझा कोण, हे तिथं कुणालाच कळलं नाही. साहेबांना नावं ठेवताना मी हे सोयीनं विसरतो.

उद्यान झालं. माळ्यालाही सुट्टी रविवारचीच, म्हणून त्या दिवशी फाटकाला कुलूप. बाजार कुंपणाबाहेर रस्त्यावर आला, एस. टी. भोंगे वाजवत त्यातून वाट काढू लागली. वडिलांनी कुंपणाच्या गजांना ओळीनं दावी टांगली.

“लई सोय झाली बघ,” ते म्हणाले. “मैदानात खुंट्या न्हवत्या. सांग तुझ्या सायबाला.”