डावीकडे ओढणारी गाडी

ऑफिसातले एक गृहस्थ मला रोज कर्वेनगरहून हडपसरच्या आयटी पार्कात त्यांच्या गाडीतून नेत. गाडीच्या पुढच्या डाव्या चाकात हवा कायम कमी. त्यामुळे गाडी डावीकडे ओढायची, ब्रेक मारला की जास्तच. ते मात्र स्टिअरिंग सवयीने जरा उजवीकडे धरून फोनवर क्लायंटशी गोड बोलत असायचे. शेजारी मीही उजवीकडे झुकून बसायचो, जणू त्याने गाडी सरळ जाणार होती.

"अहो, एकदा हवा भरा ना!"

"पंपावर रांग असते. आपल्याला भीती वाटत असेल तर डोळे मिटून बसा."

एकदा मी हट्टच धरला आणि हवा भरून घेतली. पुढच्याच सरळ रस्त्यावर त्यांचा हात सवयीने उजवीकडे वळला आणि गाडी थेट दुभाजकावर निघाली. करकचून ब्रेक मारला म्हणून वाचलो.

ते शांतपणे उतरले, डाव्या चाकापाशी बसले आणि किल्लीच्या टोकाने व्हॉल्व्ह दाबून हवा सोडू लागले.

"बघितलंत? आपलं ऐकण्याचं हे फळ. थांबा, आता सरळ जाईल."

मी तिथेच उतरलो. हल्ली बसने जातो. पण ड्रायव्हरने ब्रेक मारला, की मी अजूनही उजवीकडे झुकतो.