डब्यातला ऑकर

विद्याधर सरांइतका रंगांचा कीस काढणारा माणूस मी पाहिला नाही. चेन्नईतल्या आमच्या प्रयोगशाळेत इमारतींच्या पायाखालची माती तपासायला येते. ती तळहातावर ओली करून अहवालात तिचा रंग इंग्रजीत लिहायचा, हे सरांचं काम. आम्ही सरसकट 'ब्राउन' लिहून मोकळे व्हायचो. सर चिडायचे.

"अर्चना, बफ म्हणजे भाजलेला रवा. टॅन म्हणजे नवी कोल्हापुरी चप्पल. ऑकर म्हणजे गेरूत हळद सांडली तर. एवढं कळत नसेल तर पोळ्या लाट."

मला राग यायचा, पण वेस्ट मांबलमला घरी जाताना मी भिंतींना नावं देत जायचे.

एका मे महिन्यात सिरुसेरीच्या प्लॉटवरची माती आली. सरांनी 'ऑकर' लिहिलं आणि उरलेला नमुना उघड्या डब्यात खिडकीत वाळत ठेवला. तिथल्या उन्हात पापड बघता बघता कडक होतात. ती माती ओलीच राहिली. भट्टीत तापवली, कोरडी झाली, सकाळी पुन्हा ओली. वास तळ्याच्या गाळाचा. त्या खिडकीकडे पाठ करून बसायची मला भीती वाटू लागली.

त्याच प्लॉटवर सरांच्या मुलीने, अवनीने, फ्लॅट बुक केला होता. सरांनी तिला बोलावून डबा पुढे सरकवला. "हा सूर्य, हा जयद्रथ. तिथे राहायला जाऊ नकोस."

"बाबा, डबाभर मातीला भिऊन कोणी घर सोडतं का?" अवनी हसली.

इमारत उभी राहिली. अवनी राहायला गेली, तिला मुलगी झाली, रेवा. डबा खिडकीतच होता. सर रोज त्यात बोट घालायचे आणि "आहे ओली" म्हणून कामाला लागायचे. त्यांना त्यात दिलासा कसला वाटायचा, ते मला कळत नसे.

परवा दुपारी अवनीने फोटो पाठवला. पाळण्यामागच्या भिंतीवर मोठा ओला डाग होता, गेरूत हळद सांडल्यासारखा. खाली लिहिलं होतं, 'बाबा, पुसला तरी परत येतो. सगळ्या भिंतीला हाच रंग देऊन टाकते. पेंटरला इंग्रजीत काय सांगू?'

सरांनी उठून डब्यात बोट घातलं, मग मलाही घालायला लावलं.

माती ठणठणीत कोरडी होती, भाजलेल्या रव्यासारखी.

सर चपला न घालताच जिना उतरत होते आणि फोनवर एकच सांगत होते, "अवनी, आधी रेवाला उचल."