खोकडीच्या बिळाभोवती चुना

नाकावर राग घेऊनच मी जन्माला आले, असं माझी आई म्हणते. रायपूर राजधानी झालं आणि नव्या शहराच्या मोजणीवर माझी नेमणूक झाली, तेव्हा ऑफिसातल्या लोकांनी माझी नाही, माझ्या हाताखालच्या माणसांची कीव केली. बाईमाणूस भाठ्यावरच्या उन्हात टिकणार नाही, असंही कोणी म्हणालं. मी टिकले.

भाठा म्हणजे तांबड्या मुरमाची उंचवट्याची जमीन. तिथे धान होत नाही, नुसतं गवत, आणि मार्चात तेही वाळून पांढरं पडतं. झाड नाही, सावली नाही. भर दुपारी वारा पडला की इतकं सुन्न व्हायचं की आपलाच श्वास दुसऱ्या कोणाचा वाटायचा. मी भित्री नाही हो, पण दिवसाढवळ्या मागे वळून पाहायचे. कोणी नसायचं.

रस्त्याच्या आखणीत एक टेकाड आलं. टेकाडाला बिळाची सहा तोंडं होती. मोजणीची साखळी धरायला जवळच्याच गावातले एक म्हातारबा होते, त्यांना सगळे कका म्हणायचे. त्यांनी माझा हात धरून मला खाली बसवलं आणि बोटाने दाखवलं. एका तोंडाशी खोकड होती. मांजरापेक्षा थोडी मोठी, राखाडी, शेपटीचं टोक काळं. पोटाशी चार पिल्लं, डोळे नुकतेच उघडलेली, पाय लटपटणारी. आम्हाला पाहून तिने एकेकाला मानेला धरून आत नेलं. काही घाई केली नाही.

सोमवारी टेकाड सपाट करायला मशीन येणार होती. मी तडक साहेबांकडे गेले आणि भांडले. ते हसले. "मैडम, लोमडी के लिए राजधानी रुकेगी क्या?" पण माणूस वाईट नव्हता. बीळ रिकामं झालं असं मी लिहून दिलं तरच मशीन चालेल, नाहीतर चार दिवस थांबू, असं त्यांनी कबूल केलं. म्हणजे चार जिवांचं काय ते माझ्या सहीवर आलं.

घरी, शंकर नगरच्या क्वार्टरमध्ये, आईला सांगितलं. "तुले काय करायचं आहे त्या लोमडीचं? काहून इतका जीव काढून राहिली?"

"चार लेकरं आहेत तिची."

"मग नीट पाहजो. तुझं म्हणजे अति शहाणा त्याचा बैल रिकामा."

मी रागावून जेवलेच नाही.

माणसांची चाहूल लागली की खोकड पिल्लं दुसरीकडे हलवते, हे मला ठाऊक होतं. हलवली की नाही ते कसं कळणार? रस्त्याची रेघ आम्ही चुन्याने मारतो, पोतं तिथेच पडलेलं. शुक्रवारी संध्याकाळी ती शिकारीला गेलेली पाहून मी सहाही तोंडांभोवती हातभर रुंद चुना भुरभुरला. ये-जा झाली तर पावलं उमटतील. दोन सकाळी उमटली नाहीत तर बीळ रिकामं. स्वतःच्या डोक्यावर मी बेहद्द खूश होते.

शनिवारी चुना कोरा. ती मात्र पन्नास पावलांवर बसली होती. तोंड बिळाकडे नाही, माझ्याकडे. ओरडली नाही, हलली नाही. मी मोजणीची दुर्बीण तिच्यावर लावली. आमच्या जुन्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसायचं. जमिनीला उलटी लटकलेली ती माझ्याकडे पाहत होती, आणि मी डोळा काढून पुन्हा लावला तरी तशीच पाहत होती.

ककांनी लोखंडी सळई टेकाडात रोवली, वरच्या टोकाला कान लावला. "मैडम, आवाज आवत हे."

मीही कान लावला. मला वारा ऐकू आला. "कान वाजताहेत कका तुमचे," मी म्हणाले.

"महतारी ह बाहिर बइठे हे, मैडम." आई बाहेर बसली आहे, एवढंच ते म्हणाले. मी खेकसले, की पिल्लं हलवली म्हणूनच ती निवांत बसली आहे. निवांत म्हणे! संध्याकाळी मी चुना आणखी जाड केला.

रविवारी चुना पुन्हा कोरा. ती वीस पावलांवर आली होती. तिची थानं तटतटून फुगली होती. मी ती पाहिली. पाहून दुर्बिणीवर झाकण घातलं आणि कागदावर लिहिलं, बीळ रिकामं, स्वतः तपासलं. खाली सही केली.

सोमवारी मशीन आली तेव्हा ती चुन्याच्या काठाशी उभी होती. एक पाय उचलून तिने पांढऱ्यावर टेकवला, झटकन मागे घेतला आणि चाटत बसली. पुन्हा टेकवला, पुन्हा मागे घेतला. ती आत गेलीच नव्हती. तीन रात्री मी तिला तिच्या लेकरांबाहेर कोंडलं होतं.

मी ड्रायव्हरवर ओरडले, मशीन बंद करायला लावली. ओढणीने, हातांनी चुना लोटला, ककांनी फावड्याने चुन्याची वरची माती बाजूला ओढली. हात भाजत होते. आम्ही लांब जाऊन बसलो. ती आत शिरली. बऱ्याच वेळाने आली ती एका पिल्लाला तोंडात धरून. त्याची मान लोंबत होती, पण मागचे पाय हलत होते. आमच्याकडे न पाहता ती गवतातून गेली.

बाकीच्यांसाठी येईल, कका म्हणाले. ऊन डोक्यावर येईपर्यंत आम्ही वाट पाहिली. ती आली नाही. मी सळईला कान लावला, कितीतरी वेळ लावून बसले. या वेळी वारासुद्धा नव्हता.

रस्ता तर होणारच होता, असं लोक मला अजून समजावतात. होणारच होता. पण त्या तिघांना रस्त्याने मारलं नाही, मी मारलं, आणि तेही माया करता करता.

साहेबांची जीप आली. मशीन उभी पाहून ते वैतागले. हातातला माझा कागद हलवत त्यांनी विचारलं, "लोमडी का बिल खाली है ना, मैडम?"

कका जमिनीकडे पाहत होते.

"हव," मी म्हणाले. "आता आहे."