व्हॅनमधली नवी बाई

सवत फक्त बायकांनाच येते, असं मी साठी उलटेपर्यंत समजत होतो. मलाही आली. आमच्या जुन्या व्हॅनच्या डॅशबोर्डात येऊन बसली, आणि तिला बसवून घेतली ती माझ्याच बायकोनं, माझ्या डोळ्यांदेखत, अमरावतीच्या भर बाजारात.

आधी आमचं सांगतो. मी सरकारी बसमध्ये कंडक्टर होतो. खाकी कपडे, गळ्यात चामडी पिशवी. अकोला, धारणी, चांदूर बाजार, धामणगाव रेल्वे, सगळे रूट पाठ. स्टिअरिंगला मात्र जन्मात हात लावला नाही. गाडी चालवणं ड्रायव्हरचं काम आणि गाडी सोडणं कंडक्टरचं. घंटी वाजल्याशिवाय गाडी हलवायची ड्रायव्हरच्या बापाची हिंमत नव्हती. मला त्याचा माज होता, आणि का नसावा?

बायकोचं माहेर चांदूर बाजारकडचं. फुलांचे मळे, झेंडू, शेवंती, गुलाब. मी रिटायर झालो आणि तिनं लग्नांच्या फुलांचं काम सुरू केलं. भावाच्या मळ्यातून फुलं आणायची, घरी हार ओवायचे, वरमाला करायच्या आणि अमरावती-अकोल्याच्या लग्नांना पोचवायच्या. त्यासाठी एक जुनी व्हॅन घेतली. ठेवलेला ड्रायव्हर कधी वेळेवर येईना, तर म्हणाली, मीच शिकीन. मी पोट धरून हसलो. आणि बाई शिकली की हो! हसणं माझ्याच अंगाशी आलं.

पण मी काही मागं राहिलो नाही. तिच्या बाजूच्या सीटवर बसलो. ती ड्रायव्हर, मी कंडक्टर. कुठं वळायचं, कोणत्या मंगल कार्यालयाला मागून रस्ता आहे, कोणत्या गावात बाजाराच्या दिवशी शिरू नये, हे सगळं मी सांगायचो. गाडी मागं घ्यायची असली की खाली उतरायचो आणि पत्र्यावर थापा मारत ‘येऊ दे, येऊ दे, बास’ करायचो. नोकरी गेली, पण ड्यूटी सुटली नव्हती. लय मजेत चाललं होतं आमचं.

मग एका लग्नात तिनं दुसऱ्या कोणा सजावटवाल्याच्या गाडीत डॅशबोर्डात बसवलेला स्क्रीन पाहिला. घरी येऊन तेच. जेवताना तेच, हार ओवताना तेच. आपला टेप कधीचा बंद पडला, त्या जागी हे बसवू, गाणी लागतील, रस्ता दिसेल. रस्ता दिसेल म्हटल्यावर माझ्या कपाळाला आठ्या पडल्या. मी म्हटलं, रस्ता दाखवायला मी मेलो का? ती हसली, आणि दुसऱ्याच दिवशी व्हॅन दुकानासमोर नेऊन उभी केली.

मिस्त्री पन्नाशीचा होता, गालात सुपारी धरलेला. त्यानं पहिलं वाक्य मला सुनावलं, “काका, उतरा जरा.” उतरलो. दुकानाबाहेर प्लास्टिकच्या स्टुलावर बसून पाहत राहिलो. त्यानं जुना टेप उपसून काढला, मागं वायरींचं जंजाळ लोंबलं. टेपची जागा अरुंद आणि स्क्रीन हा एवढा रुंद. मग त्यानं पातं घेऊन डॅशबोर्डच कापायला सुरुवात केली. टेपच्या खाली एक छोटा खण होता, त्यात माझा चष्मा, अडकित्ता आणि सुपारीची डबी असायची. तो खण त्यानं सरळ छाटला. डबी माझ्या हातात दिली आणि कानस घासत बसला. काळ्या प्लास्टिकचा भुगा सगळा माझ्याच सीटवर. काचेच्या कोपऱ्यात त्यानं काळ्या गुंडीसारखं काहीतरी चिकटवलं. रस्ता कळायला हे वर आभाळातल्या उपग्रहाशी बोलते, म्हणाला.

शेवटी नंबर प्लेटच्या वर कॅमेरा लावला आणि बायकोला म्हणाला की आता मागं उतरून कोणी हात दाखवायची गरज नाही. तिला म्हणाला, मला नाही. मी तिथंच होतो, डबी हातात घेऊन.

मराठीत बोलते का, असं बायकोनं विचारलं. त्यानं दोन-तीन ठिकाणी बोट लावलं आणि स्क्रीनमधली ती बाई पहिल्यांदा बोलली. ‘दोनशे मीटरवर डावीकडे वळा.’ आवाज काय, तुपात बुडवून काढलेला. पुण्याकडची असावी. आमच्याकडं इतकं गोड कोणी बोलत नाही, आणि बोललंच तर समजायचं की काही काम आहे.

नव्याचे नऊ दिवस, म्हटलं मी मनाशी. नऊ झाले, नव्वद झाले, बाई काही जुनी होईना.

मला खरं कशाचं दुखलं ते सांगतो. मी डावीकडे घे म्हटलं की माझी बायको विचारायची, काहून? प्रत्येक वळणावर काहून. मग मी पटवून द्यायचं, तेव्हा कुठं तिचं स्टिअरिंग वळायचं. त्या बाईला तिनं एकदाही काहून विचारलं नाही. बाई म्हणाली उजवीकडे, ही उजवीकडे. वरून ‘हो बाई, घेते बाई’ असं तिच्याशी बोलायची. एकदा बडनेऱ्याजवळ वळण चुकलं, तर बाईनं आवाजही न चढवता दुसरा रस्ता काढून दिला. बायको मला म्हणाली की पाहा, चुकलं तरी चिडत नाही. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की मूर्तिजापूर येईपर्यंत मी एक अक्षर बोललो नाही. वाईट याचं वाटलं, की मी गप्प आहे हे तिच्या लक्षातही आलं नाही. ती गाणं गुणगुणत होती.

मग मी इरेला पेटलो. बाईनं तोंड उघडायच्या आधी आपणच सांगायचं. ती दोनशे मीटरवर सांगणार, तर मी पाचशेवर सांगायचो. ती उड्डाणपूल म्हणणार, तर मी तो दिसायच्या आधीच पुलाच्या नावानं ओरडायचो. दोन दिवस बायकोनं ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली की दोघं दोघं बोलू नका, मला काही ऐकू येत नाही. आणि तिनं आवाज वाढवला. बाईचा.

एक दिवस सकाळी अकोल्याची ऑर्डर होती. मी कपडे घालून, डबी खिशात टाकून तयार. ती टोपल्या लावत होती. माझ्याकडं न बघताच म्हणाली की तुम्ही राहा आज घरी, गुडघे धरतात तुमचे, रस्ता सांगायला बाई आहे. गुडघे धरतात हे खरं होतं, जन्मभर उभ्यानं नोकरी केलेले गुडघे ते. पण गुडघे काल नव्हते का? परवा नव्हते का?

ती गेली. दिवसभर मी घरात येरझारा घातल्या. शेजाऱ्याशी उगाच भांडलो, त्याची स्कूटर आमच्या फाटकासमोर दोन बोटं आली होती म्हणून. संध्याकाळी ती आली ती नुसती उजळून. मूर्तिजापूरला थांबून चहा घेतला म्हणाली, भजी खाल्ली म्हणाली. तो चहावाला माझा! मी दाखवलेला! तिथं ती एकटी बसली, भजी खाल्ली, आणि तिला घास अडकला नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या रात्री मी जेवलो, पण रागानं जेवलो.

पुढच्या ऑर्डरला मी ऐकलंच नाही. आधीच जाऊन सीटवर बसलो. लग्न मूर्तिजापूरच्या पुढं, हायवेपासून आत असलेल्या एका गावात होतं. भर दुपारचा मुहूर्त. मागं वरमाला ओल्या कापडात गुंडाळून ठेवलेल्या. हायवे सोडायची वेळ आली तशी बाई म्हणाली सरळ जा. मी म्हटलं, डावीकडे. बायकोनं विचारलं नाही काहून, नुसतं माझ्याकडं पाहिलं.

“त्या बाईले चूप कर,” मी म्हटलं. “हे गाव माह्या रूटवरचं हाये.”

तिनं बोट लावून आवाज बंद केला आणि डावीकडे घेतलं. सांगतो, त्या क्षणी मला जे वाटलं ते पहिल्या पगारालाही वाटलं नव्हतं. ऐटीत बसलो. ही शाळा, हे पाण्याचं टाकं, असं दाखवत गेलो. रेल्वेचं फाटक ओलांडलं की गाव.

फाटक नव्हतं. फाटकाच्या जागी भिंत होती, रुळांच्या अलीकडं पांढरी, सरळ, आडवी. भिंतीपाशी शेळ्या राखणाऱ्या माणसानं सांगितलं की फाटक बंद होऊन लय दिवस झाले, आता तिकडून पुलाखालून जावं लागतं, हायवेनं सरळ गेले असते तर रस्ताच होता. म्हणजे बाई म्हणत होती तोच.

बायकोनं रिव्हर्स टाकला. गाडी मागं घ्यायची होती, तर मी सवयीनं उतरलो, मागं गेलो आणि पत्र्यावर थाप मारून येऊ दे, येऊ दे करू लागलो. ती स्क्रीनमध्ये पाहून गाडी मागं घेत होती. त्या कॅमेऱ्यात मी दिसत असणार, हात हलवणारा एक म्हातारा. एका झटक्यात तिनं गाडी वळवली, आणि मला धावत जाऊन दार उघडावं लागलं.

गावात पोचलो तर मांडवात सगळे खोळंबलेले. भटजी घड्याळ पाहत होते. नवरीचा मामा दारातच उभा होता. सगळ्या पाहुण्यांसमोर त्यानं माझ्या बायकोला असं फाडलं, असं फाडलं की मी मान वर केली नाही. तुमच्यासारख्यांना काम द्यायलाच नको, म्हणाला. ती ऐकत होती. एका शब्दानं माझ्याकडं बोट दाखवू शकत होती. दाखवलं नाही. वरमाला सोडवल्या, पाकळ्या नीट केल्या, नवरा-नवरीच्या हातात दिल्या आणि बाजूला झाली.

परतताना मूर्तिजापूरला तिनं गाडी थांबवली. चहा आला. मला वाटलं आता फुटेल, आणि फुटली तर बरंच, मी मोकळा होईन. मीच सुरुवात केली. म्हटलं, त्या मशीनपेक्षा मी वाईट झालो का तुला? तिला विचारत नाहीस काहून, आणि मला घरी ठेवतेस.

तिनं कप खाली ठेवला. “बाईचं काय घेऊन बसले? अकोल्याचा रस्ता मले झोपेत येते. बाई नसती तरी आलाच असता.”

“मंग?”

“तीस वर्षं तुमी फिरले. धारणीले मुक्काम, परतवाड्याले मुक्काम. सकाळी घरी आले का चेहरा असा, जत्रेतून आल्यावानी. काय पाह्यलं मनून इचारलं, तर मने काही नाही, नेहमीचंच. मी चुलीपाशी बसून जळत होती तुमच्यावर. कोनाले सांगू? आता गाडी माह्या हाती आली, तर मले बी वाट्टे एकटीनं जावं. कोनी बाजूले बसून वळ मनू नये.”

 मी गार झालेला चहा संपवला. शेवटी विचारलं, मग मी तुला नकोच का?

“पायजे ना,” ती म्हणाली. “घरी पायजे. गाडीत नाही.”

गाडीत बसताच तिनं बाईचा आवाज पुन्हा सुरू केला. बाकी रस्ताभर बाईच बोलत होती, आणि आश्चर्य म्हणजे मला तिचा राग येईना. बिचारीचा काय दोष? इतके दिवस मी भलतीवरच जळत होतो. आता जळत होतो ते माझ्या बायकोवर, तिच्या त्या दोन्ही हातांवर, समोर मोकळ्या पडलेल्या रस्त्यावर, जो तिला एकटीला हवा होता. तिला पुढं चांदूर बाजारला जायचं होतं, भावाच्या मळ्यातून उद्याची शेवंती आणायला.

बडनेऱ्याच्या नाक्यावर मी म्हटलं, थांबव, मी ऑटोनं घरी जातो, तू जा. तिनं गाडी कडेला घेतली. मी उतरलो, आणि उगाच दाराशी रेंगाळलो. वाटलं, आता म्हणेल, बसा हो, कुठं त्या ऑटोत गुडघे आवळून बसता. मनापासून नाही तर निदान तोंडदेखलं तरी म्हणेल.

तिनं तसं काही म्हटलं नाही. वाकली, माझ्या बाजूचं दार आतून घट्ट ओढून घेतलं, आणि गेली.