प्रमिलाच्या कवितेत मी दोनदा फसले

वय झालं की माणूस शहाणं होतं, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. गेल्या महिन्यात एका सकाळी मोबाइल वाजला. प्रमिलाच्या नंबरावरून दोन ओळी होत्या : ‘प्रमिला आज सकाळी गेली. चहा अर्धा राहिला.’ मी घावन्यांचं पीठ भिजवत होते. ओल्या बोटानंच उत्तर टाकलं, ‘जा खुशाल. दुपारपर्यंत परत ये, घावने करतेय.’ वर एक दात काढून हसणारं तोंड. आणि तवा ठेवला.

माझ्या बाजूनं एवढंच सांगते, की प्रमिला अशाच कविता करायची. रोज सकाळी मोबाइलवर दोन-चार ओळी. दिघीची फेरीबोट समुद्रच गुंडाळून आगरदांड्याला घेऊन गेली, ती परत येईस्तोवर आम्ही जेटीवर कोरड्या पायांनी बसलो. कुकरची तिसरी शिट्टी माहेरी गेली, डाळ दारात वाट बघतेय. अशी बाई स्वतःच चहा टाकून कुठंतरी गेली, तर मी काय समजणार?

बोर्ली पंचतनच्या शाळेत आम्ही बरोबरच लागलो. ती गणिताची, मी मराठीची. मी तेव्हा काय नमुना होते! वेणी घट्ट, मतं त्याहून घट्ट. कविता म्हणजे चंद्र, वारा आणि शेवटी एक उसासा, ही माझी पक्की समजूत. गणिताच्या बाईनं कविता करावी हाच मला आगाऊपणा वाटायचा. एकदा डबा खाताना तिनं एक वाचून दाखवली, तर मी नाक मुरडून विचारलं, “याचा अर्थ काय गं?” ती म्हणाली, “शेजारी सुके बोंबील भाजतात, त्या वासाचा अर्थ काय? भूक लागते की न्हाय, तेवढं सांग.”

लागायची. पण कबूल कोण करतंय!

मग एका सकाळी शिक्षकांच्या खोलीतल्या फळ्यावर तिच्या अक्षरात लिहिलेलं दिसलं : ‘आमचा बबन गेला. आधी तापला, मग घरघरला, आणि शेंगदाण्यांसमोर डोळे मिटले.’ एवढं खरडून ती रजा टाकून घरी गेलेली. बबन म्हणजे तिच्या घरातलंच कुणी असणार, असं मी धरलं; शोकाच्या भरात मला शेंगदाणे दिसलेच नाहीत. शाळा सुटल्यावर पांढरी साडी नेसून, चेहरा लांब करून मी तिच्या दारात उभी. तिचे यजमान, आमचे भावजी, चहात पाव बुडवत होते. “बबन…” एवढं म्हणून मी रडायलाच लागले. त्यांनी पाव तसाच हातात धरून स्वयंपाकघराकडे मान वळवली. ओट्यावर मिक्सर, अंगावर टॉवेल पांघरलेला. आतून प्रमिला म्हणाली, “रडून घे सावकाश. मग पाट्यावर वाटण वाट.”

हिच्या मरणांवर पुन्हा विश्वास ठेवायचा नाही, हे मी तेव्हाच ठरवलं. कवितांवर मात्र बसला, तो कायमचा.

तर त्या सकाळी घावन्यांची चळत झाली आणि दारात कोळीण आली. पाटी उतरवायच्या आधीच म्हणाली, “अगो बाय, तू अजून हितंच? बोर्लीची मास्तरीण गेली ना!”

रिक्षानं पोचले तेव्हा घरात त्रिसरण चालू होतं, ‘बुद्धं सरणं गच्छामि’. प्रमिला निजलेली, चष्म्याशिवाय. तिचा मोबाइल भावजींच्या हातात. मेसेज त्यांनीच टाकला होता… आणि माझं दात काढलेलं तोंडही त्यांनीच पाहिलं होतं. मी मान वर केली नाही. तशीच रिक्षात बसून परत आले.

पुढचे दिवस नुसती धास्ती. मैत्रीण तर गेलीच, आता माझ्या हसण्यानं ते घरही मला तुटणार. भावजींनी तोंड फिरवलं तर बोर्लीत मला उतरायला दार उरलं नसतं. तिच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, वंदना आणि जेवणं झाल्यावर ते पडवीत एकटे दिसले. जाऊन म्हटलं, “भावजी, त्या दिवशी मी जे लिहिलं…”

त्यांनी हातानंच थांबवलं.

“बाई, सगळ्यांनी जोडलेले हात पाठवले. मी न्हाय वाचले. तुमचं तेवढं तिच्या कानाशी बसून मोठ्यानं वाचलं. आन् जरा थांबलो… म्हटलं, हसेल.”