नेहमीप्रमाणे

गेल्या रविवारी, जेवणाची सुट्टी व्हायच्या जरा आधी, आमच्या शिबिरात पहिल्यांदाच आलेल्या सुनीतावर अन्याय झाला. आम्ही मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर बनवतो. फुकट, खुलं, कुणीही यावं आणि सुधारावं असं. त्यासाठीच ती वाशीमहून आली होती. आमच्या वेबसाइटवर 'नवीन आहात? या!' असं मोठं बटण आहे. तिनं ते दाबलं. आत पहिलंच वाक्य होतं, 'नेहमीप्रमाणे सेटअप करून घ्या.'

जी आजच आली, तिचं नेहमीचं काय असणार?

"दादा, हे कुठून करायचं?" तिनं विचारलं.

"ताई, सगळं पानावर लिहिलंय," आमचे जुने दादा मान वर न करता म्हणाले. "आम्हाला नव्हते कुणी घास भरवले."

तिनं तेच पान पुन्हा वरून खाली वाचलं. मग लॅपटॉप इतक्या हलक्या हातानं मिटला, जसं झोपलेल्या घराचं दार बाहेरून ओढून घ्यावं. निघून जाणारी माणसं आवाज करत नाहीत. म्हणून तर आपल्याला खुशाल म्हणता येतं, की हल्ली नवीन कुणी येतच नाही.

संध्याकाळच्या बैठकीत मी हे पान बदलायचा विषय काढला. बराच खल झाला आणि ठरलं काय, तर बटणाचा रंग बदलायचा! सुनीता तोवर बसमध्ये बसली होती. ती परत येईल असं मला वाटत नाही.

तुम्हीही असलं एखादं पान चालवत असाल, तर ते आज एका नवख्या माणसासमोर उघडा. शेजारी गप्प बसा. ज्या वाक्यावर तो अडेल, ते त्याच्यादेखत खोडा.